तणाची मालकीण

निंदणी चालू असली की ती वाकायची, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांत तणाचा कोवळा शेंडा धरायची आणि टचकन खुडायची. शेंडा ओटीत, उरलेलं तण विळ्याखाली. डोळे भलतीकडे, तोंड गप्पांत, आणि हात मात्र आपलं काम करत असायचे. एखाद्या नव्या मालकाने हटकलंच, "बाई, भाजी कसाले खुडी ऱ्हायनी, निंदणी कर ना," तर ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहायची.

"पीक मालकनं, तन आमनं," म्हणायची, आणि पुन्हा वाकायची.

तुम्ही खानदेशातल्या कुठल्याही खेड्यात चार दिवस राहिला असाल, तर अशी एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. तांदुळका, कुंजरा, घोळ, पाथरी अशा रानभाज्यांनी भरलेली ओटी सावरत संध्याकाळी बांधावरून घरी जाणारी. पण आमच्या बाईइतकी हट्टी बाई तुम्ही पाहिली नसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. माझं निम्मं डोकं तिने पांढरं केलं. उरलेलं निम्मं गावातल्या मालकांनी.

सगळं गाव तिला माय म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती. मिरची निंदायची असो, कापूस वेचायचा असो, की आप्पांच्या तंबाखूची पानं तोडायची असोत, मालकाला मायच्या दारात जावंच लागायचं. आमच्याकडे तंबाखू तसा कोणी लावत नाही. मिरची हेच आमचं पीक. पण आप्पांची सासुरवाड गुजरातेत तंबाखूच्या मुलखातली, आणि जावयाला तिकडून एकदा रोपं मिळाली ती मिळाली. तेव्हापासून नदीकाठच्या काळ्या रानात त्यांचा तंबाखू उभा असतो आणि आप्पा त्याच्याकडे सासऱ्याने दिलेल्या आंदणासारखे पाहत असतात.

माझं कृषी सेवा केंद्र रनाळ्याच्या रस्त्यावर. खत, बियाणं, औषधं. माय कामावरून परतताना दुकानापाशी थांबायची आणि माझ्या काचेच्या टेबलावर मातीसकट भाजीची जुडी ठेवायची.

"माय, काचवर चिखल व्हस."

"मंग पूस. हात शेत ना तुले?"

ही जुडी मला फुकट असायची. मलाच काय, निम्म्या गावाला असायची. शाळेतल्या बाई, देवळाशेजारचे म्हातारे बाबा, बाळंतीण असलेलं कुठलंही घर, सगळीकडे तिची जुडी पोचायची. मायचा स्वतःचा जमिनीचा तुकडा नव्हता. द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि द्यायची हौस मात्र एखाद्या पाटलिणीला शोभेल अशी. माझी बायको म्हणायची, बाजारातल्या भाजीला पाणी सुटतं, मायच्या भाजीला चव सुटते. लसूण आणि सुकी मिरची घालून केलेला तो कुंजरा मी भाकरीबरोबर खात आलो आणि तो आता मिळत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे, असं म्हटलंत तरी चालेल.

मग तणनाशकं आली. म्हणजे आधीही होती, पण आता मालकांना त्यांची चटक लागली. निंदणीला बायका वेळेवर मिळत नाहीत, पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच दिवशी टोळी हवी, त्यापेक्षा पंप पाठीवर घेतला की एका सकाळीत काम खलास. मी विकायचो. धंदाच तो आहे. पण प्रत्येक डब्याबरोबर मी तोंडाची वाफही दवडायचो. वारा असताना मारू नका. नोझलला हूडची टोपी लावा, नाहीतर तंबाखूच्या पानावर उडेल आणि पान भाजेल. तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. गुरं सोडू नका. डबा धुवून भोक पाडून पुरून टाका, त्यात तेल भरू नका. आणि त्या वावरात कोणाला भाजी खुडू देऊ नका.

"भाऊ, दवाई दे. कीर्तन नको," आप्पा म्हणायचे.

मी हूड फुकट दिले. ते पोरांनी मातीत खेळायला नेले. मी हातमोजे दिले. ते एका घरात बाईने भांडी घासायला घेतले. यात दोष कोणाला देणार? हातमोजे चांगले होते.

मायला तणनाशकाची बातमी लागली तेव्हा तिने माझ्या दुकानात येऊन डबा हातात घेतला, वास घेऊ लागली. मी ओरडलो. तिने डबा खाली ठेवला.

"हाई मारं म्हंजे तन मरस?"

"मरस."

"आनी आमी काय करसूत?"

दुसरं काम बघा, असं सांगायला जीभ रेटेना. तिने तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, आपला कायदा जाहीर केला. ज्याने वावरात तणनाशक मारलं, त्याच्या वावरात तिची टोळी पानं तोडायला येणार नाही, मिरची तोडायला येणार नाही, काहीच करायला येणार नाही.

"तन तुमी मारा, मंग पान बी तुमीच तोडा!"

गिऱ्हाईक हसलं. पण तोडणीच्या वेळी बायका खरंच आल्या नाहीत आणि एका मालकाची मिरची झाडावरच सुकली, तेव्हा हसू थांबलं.

आता खरी डोकेदुखी इथून सुरू होते, आणि ती मला आजतागायत नीट समजावून सांगता आलेली नाही. मालक घाबरले. पण घाबरून त्यांनी फवारणी थांबवली का? नाही. ती ते चोरून करू लागले. उजाडायच्या आत पंप घेऊन जायचे, मारून यायचे, डबा घरात लपवायचे आणि मायसमोर साळसूद चेहरा. तणनाशकाची गंमत अशी की मारल्यावर तण लगेच मरत नाही. औषध मुळापर्यंत उतरायला वेळ लागतो. तोवर तण हिरवंगार, कोवळं, उलट जास्तच टवटवीत दिसतं. म्हणजे मायने बंदी घातली म्हणून मालकांनी लपवालपवी केली, आणि लपवालपवी झाली म्हणून मायच्या ओटीत विष जायची सोय झाली. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मध्ये उभा राहून दोघांवर ओरडतोय.

मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, निदान बांधवर लाल चिंधी तरी बांधा. बायका समजी लेतीन."

"चिंधी बांधी म्हंजे माय समजी जाई. मंग मन्हा तंबाखूना पान कोन तोडी? तू?"

मायला म्हटलं, "माय, तू बंदी उठाव. मंग त्या चिंधी बांधतीन."

"मी कसाले उठाऊ? त्या मारनं बंद करोत."

मग मी स्वतःच लाल कापडाच्या पट्ट्या फाडून आणल्या आणि प्रत्येक डब्याबरोबर एक द्यायला लागलो. माझ्या त्या पट्ट्या मला पुढे कुठे कुठे दिसल्या ते सांगतो. एक पोळ्याला बैलाच्या शिंगावर. एक ट्रॅक्टरच्या आरशावर, दृष्ट लागू नये म्हणून. एकीने शाळेतल्या पोरीची वेणी बांधली होती. एकाने मोटारसायकल पुसली. वावराच्या बांधावर मात्र एकही नाही.

मायला हेही सांगून पाहिलं की तू वावरातलं खुडूच नकोस, बांधावरचं, रस्त्याकडेचं खुड. तिला ते झोंबलं.

"मी काय चोर शे का, बांधवरनं खावाले? वावरमा राबस मी."

हे वाक्य खरं होतं. गावात कोणी तसं लिहून दिलं नव्हतं, पण निंदणाऱ्या बाईचा तणावर हक्क आहे, हे तिच्या आईच्या आणि आजीच्या काळापासून चालत आलं होतं. तिच्या दृष्टीने ती भाजी म्हणजे तिची मालमत्ता होती. मी तिला आपल्याच मालमत्तेला भी, असं सांगत होतो. पण विषाला कोणाचा हक्क कळत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल!

मग एका दुपारी जे व्हायचं ते झालं.

तंबाखूची लावण होऊन रोपं हातभर झाली होती. आप्पांनी आदल्या दिवशी माझ्याकडून डबा नेला होता. मी नेहमीप्रमाणे कीर्तन केलं, त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. "परवा-तेरवा मारसू," असं म्हणाले होते. दुपारी मी जेवायला घरी गेलो, तर ओट्यावर माय बसलेली, पुढ्यात चहाचा कप. आत कढईतून लसणीचा वास येत होता.

"कोठेनी भाजी शे, माय?" मी चप्पल काढता काढता विचारलं. हे मी हल्ली रोजच विचारायचो.

"आप्पाना तंबाखूमातली. एवढा कुंजरा उगेल शे, भाऊ, पाय ठेवाले जागा नही."

मी तसाच आप्पांना फोन लावला. मारलं का? आधी ते इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सकायले मारी टाकं. वारा नही व्हता ना, तूच तं सांगस."

वारा नव्हता. माझा सल्ला त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता.

मी आत गेलो, कढई उचलली आणि मागच्या दाराने उकिरड्यावर पालथी केली. बायको "अरे, अरे" करत मागे आली. मी परत फिरलो तर माय दारात उभी. तिने पाहिलं होतं. मी तिला इतकी वर्षं ओळखत होतो, पण तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. दिलेलं कोणी तिच्या डोळ्यांसमोर फेकून देईल, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं.

"मन्ही भाजी फेकी दिधी?"

"माय, त्यावर दवाई शे. आज सकायले मारेल शे."

"हिरवी व्हती रे. तुन्हासमोर हिरवी व्हती!"

"हिरवीच ऱ्हास! किती येळ सांगू? चार-पाच दिन हिरवीच ऱ्हास, मंग पिवळी पडस!" मी ओरडलो. इतक्या दिवसांचा सगळा राग त्या एका वाक्यात निघाला. आप्पांवरचा, तिच्यावरचा, मोटारसायकल पुसणाऱ्यावरचा, सगळा.

तिचा हात आपोआप आपल्या रिकाम्या ओटीकडे गेला, आणि मला कळलं की ती काय मोजतेय. ओटी भरून भाजी होती. आमच्या घरी एकच जुडी आली होती. बाकीची कुठे गेली?

"बाबाकडे दिधी," ती म्हणाली. "शाळानी बाईले दिधी. बाळंतीणकडे दिधी."

आणि ती निघाली. चालत नव्हे, पळत. त्या वयाची बाई मी कधी अशी पळताना पाहिली नव्हती. मी मागोमाग, पायात चप्पल नाही, डोकं तापलेलं. बाळंतिणीच्या घरी जुडी अजून टोपलीत होती. मायने ती उचलली. घरातली सासू म्हणाली, "माय, दिधेल परत लेस का?" माय थांबली नाही. शाळेतल्या बाईंनी भाजी निवडून ठेवली होती. त्यांना मी समजावलं, मायने निवडलेली पानं त्यांच्या ताटातून ओटीत ओतून घेतली. जिने आयुष्यात कोणाकडून दिलेलं परत घेतलं नाही, ती दारोदार जाऊन आपल्याच जुड्या मागत होती. मला तिची दया येत होती आणि तितकाच रागही येत होता. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाचा आवाज फार वाईट लागतो.

देवळाशेजारच्या बाबांनी जेवण उरकलं होतं. ताट पुसून स्वच्छ.

"मस्त व्हती," म्हणाले.

माय त्यांच्या उंबऱ्यावर बसली ती उठेचना. मी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावून आणलं, डब्यावरचं लेबल दाखवलं. त्यांनी बाबांना दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाबांना जीपमध्ये घातलं, नंदुरबारला नेलं. जीपमध्ये बाबांना मळमळायला लागलं. औषधाने, की आम्हा सगळ्यांची तोंडं बघून, की जीपच्या हिसक्यांनी, हे तिथल्या डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सोडलं. बाबा परत आले ते चहा मागतच.

आप्पांना हे कळलं तेव्हा ते काय म्हणाले असतील, ओळखा. "देख, काही व्हयनं का? उगाच गावले घाबरावस तू." आजही मी हे वाक्य आठवून एकटाच चिडतो. काही झालं नाही म्हणून धोका नव्हता, असं समजणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे मला कोणी शिकवलेलं नाही. काही झालं असतं तर हेच आप्पा म्हणाले असते की डबा माझ्या दुकानाचा होता.

माय मात्र पुढचे काही दिवस कामाला गेलीच नाही. रोज सकाळी आप्पांच्या बांधावर जाऊन बसायची. मी एकदा जाता जाता मोटारसायकल थांबवली. तंबाखूच्या ओळी सरळ उभ्या होत्या, पानं हिरवी. मधल्या सरीतला कुंजरा कडेने पिवळा पडत चालला होता. आदल्या दिवशी हिरवा होता म्हणे. ती एकेका झाडाकडे बघत होती.

"हिरवी व्हती," ती म्हणाली. यावेळी भांडत नव्हती.

मग एक दिवस ती दुकानात आली. काचेवर जुडी ठेवली नाही. म्हणाली, "चिंधी मी बांधसू."

तिने अट घातली. मालकांनी तणनाशक मारायचं असेल तर मारावं, टोळी तोडणीला येईल. पण मारायच्या आदल्या दिवशी मायला सांगायचं. चिंधी ती स्वतः बांधणार आणि स्वतःच सोडणार. चिंधी असेपर्यंत वावरात बाई नाही, जनावर नाही, भाजी नाही. मालकाने चिंधीला हात लावायचा नाही.

"मालकनं काय सांगू? बैलना शिंगले बांधी देस."

मला वाटलं, आप्पा उडवून लावतील. पण तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस जवळ आले होते, आणि त्या चिकट कामाला मायच्या टोळीशिवाय कोणी तयार नसायचं. हात काळेकुट्ट होतात, साबणाने निघत नाही, भाकरीला कडू चव लागते. आप्पा कुरकुरले आणि कबूल झाले. त्यांच्या मागे बाकीचेही.

मायने आपलं जुनं लाल लुगडं काढलं आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. माझ्या बाजारातल्या पट्ट्यांकडे तिने बघितलंही नाही. आणि मग जे मला कीर्तन करून जमलं नव्हतं, ते सगळं तिने दरडावून करून घेतलं. फवारणाऱ्याच्या समोर बांधावर उभी राहायची, वाऱ्याची बाजू सोडून. "तोंडले बांध!" "टोपी कोठे शे नोझलनी?" "फुकू नको, मेल्या, काडी घाल!" आप्पांचा गडी माझ्याकडे येऊन हूड मागायला लागला तेव्हा मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. चिंधी सोडायचा दिवस ती मला विचारायची, मी लेबल वाचून सांगायचो, आणि तरी ती स्वतःचे आणखी काही दिवस त्यात मिळवायची. जुनं तण जळून नवं उगवेपर्यंत गाठ सुटत नसे. नवी भाजी आली की पहिली जुडी ती स्वतःच्या घरी शिजवायची. गावात दुसऱ्या दिवशी.

माझ्या काचेवर पुन्हा चिखल व्हायला लागला. मी पुसायला लागलो. सगळं किती छान झालं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

पण मालकांची चोरी संपली तशी भीतीही संपली. आता उघड मारता येत होतं, मायची परवानगी होती. ज्याने कधी तणनाशक घेतलं नव्हतं तोही घ्यायला लागला. दुकानात मी खूश असायला हवं होतं. वावरावावरांत लाल चिंध्या दिसायच्या, आणि जितक्या चिंध्या तितकी निंदणी कमी. टोळीतल्या बायका एकेक करून दुसरीकडे जाऊ लागल्या. कोणी धानोऱ्याकडे, कोणी नवऱ्याबरोबर गुजरातेत. माय चिंधी बांधायला वावरोवावर फिरायची. त्याचे तिला कोणी काही देत नव्हतं, तिने मागितलंही नाही.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसून ती हसली. म्हणाली, "चिंध्या बांधी बांधी लुगडं सरी गयं, भाऊ."

मला हसू आलं नाही. मला त्या आप्पांचा, त्या डब्यांचा आणि तिच्या त्या शहाणपणाचाही संताप आला. गाव वाचवायला निघाली आणि स्वतःचंच काम बांधून ठेवून बसली. पण तिला हे सांगून काय उपयोग होता? तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

दिवाळीनंतर तिच्या मुलाने सौराष्ट्रात एका शेतकऱ्याची जमीन भागाने करायला घेतली. सगळं घर गेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी तंबाखूच्या खालच्या तुकड्यात एकदा फवारलं होतं, आणि मायने जाता जाता तिथल्या निंबाला चिंधी बांधली. ती शेवटची पट्टी. मी दुकानात होतो, ट्रक रस्त्यावरून गेला, मागे सामानावर ती बसली होती. हात वर केला. मला वाटलं, होळीला येईलच. आमच्याकडून गेलेली सगळी माणसं होळीला येतात.

पानं तोडायची वेळ आली तेव्हा उरलेल्या बायका बांधापर्यंत आल्या आणि चिंधी बघून थांबल्या. "मायनी गाठ शे. माय सोडी." आप्पा माझ्या दारात. मी गेलो, सांगितलं की मुदत कधीच संपली, खुशाल आत जा. माझ्या शब्दावर त्या आत गेल्या, पानं तोडली. पण खाली पाथरी आणि चीलची भाजी इतकी माजली होती की सरी दिसत नव्हती, त्या भाजीला एकीनेही हात लावला नाही. पोटासाठी काम करणं वेगळं, म्हणाल्या, पोटात घालणं वेगळं.

होळीला टोळीतल्या परगावी गेलेल्या बायका आल्या. माय नाही आली. होळी झाली आणि तिचा फोन आला, मुलाच्या मोबाइलवरून.

"भाऊ, मी बोली ऱ्हायनू."

"माय! होळीले कसाले नही उनी?"

"जिरा काढाना शे. मालक सोडत नही." मग माझी बायको कशी आहे, बाबा कसे आहेत, काच पुसतोस का, हे सगळं झालं.

मी विचारलं, "तठे भाजी कशी शे?"

"आठे कोनी चिंधी नही बांधत, भाऊ. कोनता वावरमा कवय मारतस, कोनीच सांगत नही. मंग मी खानंच सोडी दिधं."

"कायच नही खात?"

"बटाटा खास ना. दुकानमातला."

तणाची मालकीण दुकानातले बटाटे खातेय. मी घाईघाईने म्हणालो, "माय, आप्पाना निंबले तुन्ही चिंधी तशीच शे. खाले पाथरी उगेल शे, तू ये आनी सोड."

"तूच सोडी टाक ना. तुले समजस."

"नही. तू ये."

पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या खालच्या तुकड्यात गेलो. तंबाखू निघून गेला होता, खुंट उरले होते. निंबावरची चिंधी उन्हाने फिकट झाली होती. तिने गाठ अशी मारली होती की नखाने सुटेना. खिशात चाकू होता, पण तो काढावासा वाटला नाही. मी खाली वाकलो, तिच्यासारखा पाथरीचा शेंडा नखांत धरला आणि खुडायला गेलो, तर अख्खं झाड मुळासकट हातात आलं. मी ते परत मातीत खोचलं, वरून पायाने दाबलं.

घरी बायकोने माझे रिकामे हात पाहिले आणि बटाटे चिरायला घेतले.